मतदार घडतो कोठे?

निवडणूक आली की शाळेतली बाके भिंतीशी सरकविली जातात, फळ्यासमोर मतदानयंत्र मांडले जाते आणि एरव्ही व्याकरण नाही तर भूमिती शिकविणारे गुरुजी मतदान अधिकारी होऊन मतदारांच्या बोटांना शाई लावीत बसतात. दुसऱ्या दिवशी बाके पूर्ववत् होतात, मुले परत येतात, आणि काल या खोलीत काय घडले याबद्दल वर्गात चकार शब्द निघत नाही. मुलांनी विचारलेच तर ‘तुम्ही अभ्यासाकडे लक्ष द्या’ एवढे उत्तर मिळते. राष्ट्राच्या जीवनातील सर्वांत मोठा सार्वजनिक व्यवहार ज्या वास्तूत पार पडतो, त्याच वास्तूत त्याविषयी बोलणे अप्रशस्त मानले जावे, यापरता विरोधाभास कोणता?

शालेय राजकीय शिक्षणाविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात दोन मते प्रचलित आहेत. पहिले मत असे की, राजकारण हा चिखल आहे आणि मुलांना त्यापासून जितके दूर ठेवता येईल तितके बरे. दुसरे मत उघडपणे बोलून दाखविले जात नाही, पण सत्तेवर येणारा प्रत्येक पक्ष ते आचरणात आणू पाहतो. ते असे की, मुलांचे मन म्हणजे ओली माती. पाठ्यपुस्तकाचा साचा आपल्या हाती असला की हवी तशी मूर्ती घडविता येते. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी आहेत. परंतु दोन्हींच्या बुडाशी गृहीत एकच आहे: सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःची बुद्धी नसते. आमचा आक्षेप आहे तो या गृहीतावर.

विद्यार्थ्यांच्या राजकारणाची ही धास्ती आपण कोठून उचलली हे आधी पाहिले पाहिजे. वंगभंगाच्या चळवळीत विद्यार्थी उतरू लागले तेव्हा १९०५ मध्ये बंगाल सरकारचे कार्लाइल परिपत्रक निघाले. १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांनी राजकीय सभांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना लगाम घालणारे परिपत्रक काढले. नागरिकशास्त्र हा विषय आपल्या शाळांतून रुजला तो याच काळाच्या छायेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने हे स्पष्ट शब्दांत नमूद केले आहे की, राजसत्तेविषयी वाढत्या अनिष्ठेच्या पार्श्वभूमीवर, आज्ञाधारकता आणि निष्ठा यांवर भर देणारा असा हा विषय वासाहतिक काळात अवतरला. सबब नागरिकशास्त्राच्या जागी राज्यशास्त्र यावे. आपल्या राज्यातही नववी-दहावीच्या पुस्तकांवर आज ‘राज्यशास्त्र’ हे नाव आहे. नाव बदलले; पण परकीय सरकारला जी शांतता वर्गात हवी होती, तीच आपल्यालाही हवीशी वाटते, हे कशाचे लक्षण समजावे?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपली परंपरा याहून निराळी होती. सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांसह १८८० मध्ये पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले, ते काही केवळ परीक्षा उत्तीर्ण करणारी मुले तयार करण्यासाठी नव्हे. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाच्याच प्रेरणेतून उभे राहिले आणि सरकारी रोषाला बळी पडले. अमळनेरच्या शाळेत शिकविणारे साने गुरुजी १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांना गुरुजींची मते ठाऊक नव्हती, असे कोण म्हणेल? शिक्षकाला मते असणे हा दोष नव्हे. मते असूनही विद्यार्थ्याचे मन मोकळे ठेवणे, ही शिक्षकाची खरी कसोटी.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. शाळेतील राजकीय शिक्षणाने तरुणांची मते खरोखर घडतात काय? या प्रश्नाचा अभ्यास अन्यत्र बारकाईने झाला आहे, आणि त्याची उत्तरे पाहिली तर दोन्ही बाजूंच्या भाबडेपणाला धक्का बसतो. अमेरिकेत लँग्टन आणि जेनिंग्ज या दोन अभ्यासकांनी १९६५ मधील देशव्यापी पाहणीच्या आधारे १९६८ मध्ये असे दाखवून दिले की, माध्यमिक शाळेतील नागरिकशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या राजकीय ज्ञानावर वा आस्थेवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. अपवाद होता तो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा. त्यांच्यावर मात्र या शिक्षणाचा ठसा दिसून आला. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या घरात वृत्तपत्र येते, जेवताना राजकारणाची चर्चा होते, त्या घरच्या मुलाला पुस्तकात नवे असे काही सापडत नाही. ज्याच्या घरी ही शिदोरी नाही, त्याच्या पदरात मात्र शाळा काहीतरी टाकते. पुढे १९९८ मध्ये नीमी आणि जन या अभ्यासकांनी या निष्कर्षाला मुरड घातली. विषय पुरेसा आणि विविधतेने शिकविला, चालू घडामोडींची वर्गात चर्चा केली, तर परिणाम निश्चितच होतो, असे त्यांना आढळले.

दुसरे उदाहरण चीनचे आहे. तेथे २००४ पासून २०१० पर्यंत एकेका प्रांतात टप्प्याटप्प्याने नवी पाठ्यपुस्तके आली. ज्यांच्या वाट्याला जुनी पुस्तके आली आणि ज्यांच्या वाट्याला नवी आली, अशा पेकिंग विद्यापीठातील विद्यार्थ्यांची तुलना अर्थशास्त्रज्ञांनी केली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नवी पुस्तके शिकलेल्यांना आपली राज्यव्यवस्था अधिक लोकशाहीवादी वाटत होती, अधिकाऱ्यांवर त्यांचा विश्वास अधिक होता, आणि खुल्या बाजाराविषयी त्यांच्या मनात अधिक साशंकता होती. सरकारला जे हवे होते, नेमके तेच घडले. म्हणजे पाठ्यपुस्तकाने मत घडत नाही असे म्हणण्याची सोय नाही. ज्या समाजात प्रतिवादाचा आवाज क्षीण असतो, तेथे पुस्तकाचा आवाज फार दूरवर ऐकू जातो.

परंतु या विषयाचा सर्वांत कडू धडा जर्मनीने जगाला दिला आहे, आणि तो थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाने १९१९ च्या आपल्या राज्यघटनेतच, १४८ व्या कलमात, नागरिकशास्त्र हा शाळेचा विषय म्हणून नमूद केला होता. इतकेच नव्हे, तर सक्तीचे शिक्षण संपविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला राज्यघटनेची एक प्रत द्यावी, अशीही तरतूद तेथे होती. घटना हाती पडलेली ही पिढी वयात आली आणि १९३३ मध्ये तीच घटना पायदळी तुडविली गेली. घटनेची प्रत हाती देणे आणि घटना मनात रुजविणे यांत किती अंतर असते, ते जगाने तेव्हा पाहिले. त्यानंतरच्या बारा वर्षांत नाझी राजवटीने शाळांतून द्वेषाची पेरणी केली. तिचा माग फोइग्टलेंडर आणि फोथ या अभ्यासकांनी १९९६ आणि २००६ मधील मतपाहण्यांवरून काढला. त्या राजवटीत लहानाच्या मोठ्या झालेल्या पिढीत, अर्धशतक उलटून गेल्यावरही, ज्यूद्वेष इतरांहून ठळकपणे अधिक होता. त्यातही ज्या भागांत हा द्वेष पूर्वापार होता, तेथे शाळेची शिकवण अधिक खोल गेली होती. युद्धानंतर पूर्व जर्मनीतील साम्यवादी राजवटीनेही नागरिकशास्त्र सक्तीचे करून समाजवादी निष्ठेचे पाठ वर्षानुवर्षे घोकून घेतले. त्याच पाठांवर वाढलेले तरुण १९८९ मध्ये रस्त्यावर उतरले, आणि हजारो तर देशच सोडून निघाले.

एकाच भूमीवरील या तीन प्रयोगांतून काय शिकावयाचे? आमच्या मते हे की, शाळेची शिकवण घर आणि गल्ली यांच्या प्रवाहाबरोबर वाहते तेव्हा ती भयंकर बलवान ठरते, आणि अनुभवाच्या विरुद्ध जाते तेव्हा ती पोपटपंची होऊन राहते. द्वेषाला शाळेची जोड मिळाली तर तो पन्नास वर्षे टिकतो. सद्गुण नुसता घोकला तर तो परीक्षेपुरताही पुरत नाही. म्हणूनच चांगल्या राजकीय शिक्षणाचे काम प्रचारकाच्या कामापेक्षा कितीतरी अवघड आहे.

हे मापदंड घेऊन आपल्या घराकडे वळले की चित्र समाधानकारक दिसत नाही. २००५ च्या आराखड्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने नववी ते बारावीसाठी राज्यशास्त्राची नवी पुस्तके तयार केली. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव हे त्यांचे प्रमुख सल्लागार. या पुस्तकांनी पहिल्यांदाच विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याचे आमंत्रण दिले. आणीबाणी, दंगली, जनआंदोलने असे विषय त्यांनी टाळले नाहीत, आणि व्यंगचित्रांनाही जागा दिली. त्यांपैकी अकरावीच्या पुस्तकातील एका व्यंगचित्रावरून मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. घटनानिर्मितीच्या संथ गतीवर शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले ते चित्र; डॉ. आंबेडकरांच्या संदर्भात त्याने अनेकांची मने दुखावली होती, आणि ती वेदना खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तत्कालीन सरकारने चर्चेची वाट न पाहता माघार घेतली, दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ज्या पुस्तकाने मुलांना मतभेद कसा हाताळावा हे शिकवावयाचे, त्याच पुस्तकावरील मतभेद मोठ्या माणसांनी असा हाताळला.

सरकार बदलले, पण वृत्ती बदलली नाही. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या नावाखाली याच पुस्तकांतून मोठा मजकूर वगळला गेला. बारावीतून एकपक्षीय वर्चस्वाच्या कालखंडावरील आणि जनआंदोलनांच्या उदयावरील प्रकरणे गेली. गुजरातमधील २००२ च्या दंगलींचा उल्लेख गेला. दहावीतून ‘लोकशाही आणि विविधता’ आणि ‘लोकशाहीपुढील आव्हाने’ ही प्रकरणे गेली. अखेर जून २०२३ मध्ये पळशीकर आणि यादव यांनी या पुस्तकांवरून आपली नावेच काढून टाकावीत, अशी मागणी केली. मुलांच्या पाठीवरचे ओझे हलके व्हावे हे कोणालाही मान्य होईल. परंतु ओझे कमी करताना नेमकी आव्हाने आणि आंदोलने हीच जड वाटावीत, याला योगायोग म्हणणे कठीण आहे. एका राजवटीने दुखावलेल्या भावनांपुढे मान तुकविली, दुसरीने अडचणीच्या स्मृतींवर कात्री चालविली. दोघींचाही विश्वास पुस्तकाच्या शक्तीवर होता. विद्यार्थ्याच्या बुद्धीवर दोघींचाही नव्हता.

राज्याच्या पातळीवर पाहिले तर बालभारतीचे दहावीचे राज्यशास्त्र वाईट नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने अशी पाच प्रकरणे त्यात आहेत, आणि जिज्ञासू मुलाला विचार करावयास लावील असा मजकूरही आहे. मात्र हा विषय इतिहासाच्या चाळीस गुणांच्या प्रश्नपत्रिकेत धाकट्या भावासारखा एका कोपऱ्यात बसविलेला आहे. वर्ष संपत आले, इतिहासाचे धडे उरले, तर पहिली गदा त्याच्यावर येते. ‘विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’ हा प्रश्नप्रकार कागदावर किती आशादायक वाटतो! पण ते कारणही मार्गदर्शकात छापून मिळते आणि तेच शब्द उतरविणाऱ्याला गुण मिळतात. आम्ही स्वतः काही वर्षे खडू हाती धरला आहे. स्वतःच्या शब्दांत कारण लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात आणि पाठ केलेले कारण लिहिणारा वर जातो, हे एकदा वर्गाच्या लक्षात आले की त्या वर्गाने राज्यशास्त्राचा सर्वांत महत्त्वाचा धडा त्याच दिवशी गिरविलेला असतो.

तीच गत प्रास्ताविकेची. ती प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेली असते. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून तिचे वाचन शाळांतून सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. निर्णय स्तुत्य होता. पण ‘विचार, अभिव्यक्ती’ यांचे स्वातंत्र्य परिपाठाच्या रांगेत ओरडून म्हणावयाचे आणि वर्गात शंका विचारली की ‘खाली बस’ ऐकावयाचे, यातून मुलाच्या मनावर कोणता संस्कार होतो? शालेय मंत्रिमंडळाचेही असेच. ज्या शाळांतून मुलांची खरी निवडणूक होते, उमेदवार भाषणे करतात, पडलेला उमेदवार निवडून आलेल्याचे अभिनंदन करतो, तेथे लोकशाहीचा एक जिवंत धडा दिला जातो. जेथे मंत्रिमंडळ मुख्याध्यापकांच्या खोलीत ठरते, तेथेही धडा दिला जातोच, फक्त तो दुसऱ्या शासनपद्धतीचा असतो.

हा प्रश्न आज निकडीचा का, याचे कारण साध्या हिशेबात आहे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आले आणि १९८९ पासून ते अमलात आहे. दहावी सुटलेला मुलगा अवघ्या दोन-तीन वर्षांत मतदार होतो. अकरावीला तो विज्ञान वा वाणिज्य शाखेस गेला तर शाळेतील राज्यशास्त्राशी त्याचा संबंध तेथेच तुटतो. सोळा ते अठरा या काळात त्याचा राजकीय शिक्षक कोण? त्याच्या हातातील भ्रमणध्वनी. तेथे व्हॉट्सॲपवर सकाळ-संध्याकाळ पाठ चालू असतात. त्यांना सुट्टी नाही, परीक्षा नाही, आणि शिकविणाऱ्याचे नावही नाही. राजकारण शाळेबाहेर ठेवले म्हणून ते मुलापासून दूर राहिले, अशी समजूत करून घेणाऱ्या पालकांनी एकदा आपल्या पाल्याच्या हातातील पडद्याकडे पाहावे. शाळेने सोडलेली जागा रिकामी राहत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. शिक्षकांना वर्गात राजकारण बोलू दिले तर प्रत्येक वर्ग हा पक्षाचा अड्डा होईल! आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या राज्यातील कितीतरी शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष हेच आमदार, खासदार वा पक्षांचे पदाधिकारी आहेत. शिक्षकाची नेमणूक, बढती आणि बदली ज्यांच्या मर्जीवर अवलंबून, त्यांच्याच पक्षाविषयी त्याने वर्गात निःपक्षपातीपणे बोलावे अशी अपेक्षा आपण करतो. विधान परिषदेत शिक्षकांचे स्वतंत्र मतदारसंघ आहेत. शिक्षक हा राजकीय प्राणी नाही, असे आपली राज्यघटनाही मानीत नाही. धोका आहे तो खराच. परंतु त्यावरचा उपाय मौन हा नव्हे. मौनात पक्षपात लपून राहतो. नियमांच्या प्रकाशात तो उघडा पडतो.

असे नियम जगात अन्यत्र केले गेले आहेत. जर्मनीने आपल्या कटू इतिहासातून शिकून ते घडविले. १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी परस्परविरोधी मतांचे शिक्षणतज्ज्ञ एकत्र बसले आणि त्या बैठकीतून तीन सूत्रे निघाली. पहिले, शिक्षकाने विद्यार्थ्यावर आपले मत लादून त्याच्या स्वतंत्र निर्णयाच्या आड येऊ नये. दुसरे, विद्वत्तेत आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. तिसरे, एखाद्या राजकीय परिस्थितीत आपले हित कशात आहे हे ओळखून त्यावर प्रभाव पाडण्याची क्षमता विद्यार्थ्यात यावी. हा कायदा नव्हे. तरीही तेथील राजकीय शिक्षणाचा तो आधारस्तंभ बनला आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याने वर्गातील पक्षप्रचारावर बंदी घातली आणि राजकीय प्रश्नांची मांडणी समतोल असावी असे बंधन घातले. नंतर २००२ पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा विषय सक्तीचा झाला. म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात: शिकवावयाचे, आणि लादावयाचे नाही. १९९९ मध्ये अठ्ठावीस देशांतील सुमारे नव्वद हजार चौदा वर्षांच्या मुलांची जी पाहणी झाली, तिचाही निष्कर्ष हाच होता की, ज्या वर्गांत मुलांना आपले मत निर्भयपणे मांडता येते, तेथील मुलांना राज्यकारभाराची समज अधिक असते आणि मोठेपणी मतदान करण्याची त्यांची इच्छाही अधिक असते.

महाराष्ट्राने या दिशेने काय करावे? आमच्या सूचना थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. पहिली, आठवडयातून एक तासिका वृत्तपत्रवाचनाला द्यावी आणि एकाच घटनेची निदान दोन भिन्न मतांची वृत्ते मुलांपुढे ठेवावीत. दुसरी, राज्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा की ज्याच्या दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळू शकतील. गुण द्यावयाचे ते युक्तिवादाला, मताला नव्हे. तिसरी, दर वर्षी नववीच्या मुलांना ग्रामसभा वा नगरपालिकेची बैठक प्रत्यक्ष दाखवावी. चौथी, पाठ्यपुस्तकातील कोणताही मजकूर वगळताना वा घालताना त्याची कारणे आणि निर्णय घेणाऱ्यांची नावे प्रसिद्ध करण्याचे बंधन मंडळावर असावे. आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची: या नियमांच्या चौकटीत राहून वर्गात चर्चा घडविणाऱ्या शिक्षकाला संस्थाचालकाच्या वा जमावाच्या रोषापासून संरक्षण देण्याची लेखी हमी शासनाने द्यावी. घाबरलेला शिक्षक निर्भय नागरिक घडवू शकत नाही.

पालकांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. मुलगा घरी येऊन आपल्याहून निराळे मत बोलू लागला की शाळेने त्याला बिघडविले, अशी तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडे धावू नका. त्याला कारण विचारा. कारण सांगता आले तर शाळेने आपले काम केले असे समजा, मग ते मत तुम्हांला रुचो वा न रुचो. कारण सांगता आले नाही, तर मात्र ते मत तुमच्याच पक्षाचे असले तरी काळजी करा. या राज्यात पुढील प्रत्येक निवडणुकीत नवे मतदार रांगेत उभे राहणार आहेत. त्यांनी कोणाला मत द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार शाळेला नाही, सरकारला नाही आणि आम्हांलाही नाही. परंतु ते मत त्यांचे स्वतःचे असावे, एवढी जबाबदारी मात्र आपणा सर्वांची आहे, आणि ती पार पाडण्याची वेळ त्यांच्या अठराव्या वाढदिवसापूर्वीच येऊन जाते.